यष्टीमागचा जमाखर्च

करंजाडेतल्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी टेनिस बॉलचे सामने होतात. स्कोअररच्या वहीत कीपरच्या नावापुढे झेल लिहिला जातो, स्टम्पिंग लिहिलं जातं. सुटलेला झेल लिहिला जात नाही. तो बोलरच्या लक्षात राहतो आणि पुढच्या रविवारी ऐकवला जातो. थेट कसोटी क्रिकेटपर्यंत हीच रीत आहे. यष्टिरक्षकाच्या खात्यात जमा असते, खर्च नसतो. त्यामुळे हे आकडे वाचताना हमखास फसायला होतं. मुंबईच्या नरेन ताम्हाण्यांचेच घ्या.

ताम्हाणे पहिली कसोटी खेळले १९५५च्या जानेवारीत, ढाक्याला, पाकिस्तानविरुद्ध. त्या मालिकेतल्या पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या, पण ताम्हाण्यांनी १२ झेल आणि ७ यष्टिचीत असे १९ बळी टिपले. १९६०-६१पर्यंतच्या २१ कसोटींत ३५ झेल, १६ यष्टिचीत, एकूण ५१. म्हणजे सामन्यामागे २.४३. त्याच काळातले इंग्लंडचे नावाजलेले गॉडफ्रे इव्हान्स ९१ कसोटींत २१९, म्हणजे २.४१. नाना जोशी १२ कसोटींत २७, सय्यद किरमाणी ८८ कसोटींत १९८. दोघांचीही सरासरी २.२५. बडोद्याचे किरण मोरे ४९ कसोटींत १३०, सरासरी २.६५. धोनी ९० कसोटींत २९४, सरासरी ३.२७. आणि फारुख इंजिनियर? ४६ कसोटींत ८२. फक्त १.७८.

मग इंजिनियर या सगळ्यांत कच्चे? तसं नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर या फिरकीपटूंच्या चेंडूवर बॅटची कड लागली की झेल बरेचदा फलंदाजाच्या अंगाशी उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे जायचा. तिथे एकनाथ सोलकर असायचे. २७ कसोटींत ५३ झेल. यष्टिरक्षकाचा आकडा असा शेजाऱ्याच्या खात्यात जमा होतो.

आता यष्टिचीत पाहा. ताम्हाण्यांच्या बळींत ते जवळपास एकतृतीयांश आहेत, किरमाणींच्या एकपंचमांश, धोनीच्या साधारण १३ टक्के, तर दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरच्या ५५५ बळींत जेमतेम २३. हा हातांच्या चपळाईतला फरक कमी आणि समोरून कोण गोलंदाजी करतंय याचा जास्त. ताम्हाण्यांपुढे सुभाष गुप्ते आणि विनू मंकड होते, बाउचरपुढे वेगवान मारा. ऑस्ट्रेलियाचे बर्ट ओल्डफील्ड आणि आपले मोरे, दोघांचेही कसोटी बळी बरोबर १३०. पण मेली आणि ग्रिमेट या लेगस्पिनरांना सांभाळणाऱ्या ओल्डफील्डचे ५२ यष्टिचीत, मोऱ्यांचे २०. त्या २०पैकी ६ एकाच कसोटीतले: जानेवारी १९८८, मद्रास, वेस्ट इंडीजविरुद्ध. नरेंद्र हिरवाणीने १६ बळी घेतले तीच ही कसोटी. खेळपट्टी आणि गोलंदाज जुळले, आणि कारकिर्दीतली तीस टक्के यष्टिचीत एका सामन्यात जमा झाली.

खर्चाचा रकाना पाहायचा तर बेसबॉलकडे जावं लागतं. तिथल्या कॅचरच्या नावावर चुका मांडतात, हातून निसटलेले चेंडू मोजतात, चोरून पुढचा तळ गाठू पाहणारे किती धावपटू त्याने टिपले हेही लिहितात. इव्हान रॉड्रिगेझने असे सुमारे ४६ टक्के टिपले आणि क्षेत्ररक्षणाचे तेरा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. पण तिथेही मेख आहेच. पिचरने फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केलं की तो बळी कॅचरच्या खात्यात पडतो, त्यामुळे बहुतेकांची क्षेत्ररक्षणाची टक्केवारी ९९च्या आसपास फुगते. आपल्याकडे बाय मोजतात, पण त्या कोणा एकाच्या नावावर चढवत नाहीत.

क्रिकेट यष्टिरक्षकाचा खर्च नेमका लिहितं ते फलंदाजीत. ताम्हाण्यांच्या कसोटी धावा २२५, सरासरी १०.२२. पुढे बॅटही चालवणारे यष्टिरक्षक बुधी कुंदरन आले, इंजिनियर आले. कुंदरननी १९६४मध्ये इंग्लंडविरुद्ध १९२ काढल्या. हातमोज्यांतल्या कामात ताम्हाणे कुठे कमी पडले, हे सांगणारा आकडा नव्हता, बॅटचा होता.

परवा आमच्या स्कोअररला म्हटलं, कीपरपुढे आणखी दोन रकाने आखूया: सुटलेले झेल आणि हुकलेली स्टम्पिंग. तो पेन कानावर खोचत म्हणाला, ‘‘काका, मग कीपिंगला उभं कोण राहणार?’’