दोन इंचांचे गुपित

(बी. ए. भाग २)

पायताण ही तशी लहान गोष्ट. घराबाहेर पडताना आपण ते पायांत सरकवतो, परत आल्यावर उंबऱ्याशी काढून ठेवतो आणि विसरून जातो. लोक मात्र विसरत नाहीत. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहून झाला की आपली नजर साहजिकच त्याच्या पायांकडे वळते आणि तेवढ्यावरून आपण त्याची ऐपत, त्याची जात, त्याचे गाव यांचा हिशेब मांडून मोकळे होतो. जोडा कोठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळते, असे आपण म्हणतो. परंतु कोणी कोणता जोडा घालावा हे मात्र घालणाऱ्याला विचारून ठरत नाही. ते चारचौघे ठरवितात.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे, उंच टाचेची पादत्राणे वापरणारे पुरुष. विषय सांगताच काही मित्रांना हसू आले. त्यांच्या डोळ्यांसमोर नाटकातला किंवा गॅदरिंगमधला एखादा सोंगाड्या उभा राहिला असावा. पण मला सांगायचे आहे ते सोंगाबद्दल नव्हे. बँकेत जाणारा, एस. टी.च्या रांगेत उभा राहणारा, कॉलेजच्या जिन्यावरून आपल्या पुढे चढणारा एखादा साधा माणूस दोन-अडीच इंचांच्या टाचेचे बूट घालून चाललेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कोणी उंची वाढावी म्हणून घालतो, तर कोणी केवळ आवडते म्हणून. पण दोघेही ते लपवितात. त्यांना ते का लपवावे लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

टाच मुळात कोणाची?

आज 'हाय हील' म्हटले की आपल्याला बाईच आठवते. गंमत अशी की इतिहासात उंच टाच आधी पुरुषाच्या पायांत आली आणि तीही चांगल्या लढवय्याच्या. इराणमधील घोडेस्वार टाचेचे जोडे वापरीत. त्याचे कारण शोभेचे नव्हते. घोडा दौडत असताना रिकिबीत उभे राहून धनुष्याचा नेम धरायचा, तर पाय घट्ट बसला पाहिजे. सपाट तळाचा जोडा रिकिबीतून पुढे सरकतो. टाच असली म्हणजे ती रिकिबीच्या दांडीला अडते आणि स्वाराचा तोल राहतो. अमेरिकेतील गुराख्यांच्या बुटांना आजही जी तिरपी टाच दिसते, तीही घोड्यावरचीच.

आपल्या मराठीनेही टाचेचे नाते घोड्याशीच जोडले आहे. घोड्याला 'टाच मारणे' हा वाक्प्रचार कोणा नाजूक मंडळींसाठी घडलेला नाही. आणि घोडेस्वारी म्हटली तर कुरुंदवाडकरांना ती सांगायला नको. १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' काढणारे विष्णुपंत छत्रे हे कसलेले घोडेस्वार होते आणि त्यांना कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. आपले स्वार टाचेचे जोडे घालीत होते असा माझा दावा नाही. सांगायचे एवढेच, की ज्या धंद्यातून टाच जन्माला आली तो धंदा मर्दानी मानला जात होता आणि आपल्या गावाला तो परका नव्हता.

राजाची लाल टाच

१५९९ साली इराणच्या शाह अब्बासाने युरोपातील राजांकडे आपले वकील पाठविले. तुर्कांविरुद्ध त्याला मित्र हवे होते. या येण्याजाण्यातून युरोपात इराणी वस्तूंची हौस वाढली आणि तेथील सरदारांनी टाचेचे जोडे उचलले. घोड्यावर बसायला त्यांचा जो काही उपयोग होता तो होताच. परंतु दगडी रस्त्यांवरून आणि चिखलातून चालायला ते अगदी गैरसोयीचे होते. हीच त्यांची किंमत ठरली. ज्याला शेतात राबायचे नाही, पायी फार चालायचे नाही, तोच असली पादत्राणे घालू शकतो, हे पाहणाऱ्याला न बोलता कळत असे.

फ्रान्सचा चौदावा लुई उंचीने बेताचाच होता असे म्हणतात. त्याच्या जोड्यांच्या टाचा उंच असत आणि त्या लाल रंगविलेल्या असत. १७०१ साली रिगो या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात त्या लाल टाचा स्पष्ट दिसतात. एवढेच नव्हे, तर १६७० नंतरच्या काळात त्याने असा दंडक घातला की लाल टाच दरबारातल्या माणसांनीच वापरावी. म्हणजे त्या काळी टाच लपविण्याची नव्हे, तर मिरविण्याची वस्तू होती.

मग ती बायकांकडे कशी गेली? १६३० च्या सुमारास युरोपातील श्रीमंत स्त्रियांत पुरुषी थाटाची हौस निर्माण झाली. कोणी केस आखूड कापले, कोणी चिलीम ओढली आणि कोणी पुरुषांसारखे टाचेचे जोडे घातले. पुरुषासारखे दिसावे म्हणून बाईने घातलेली वस्तू पुढे बाईची म्हणून ठरली आणि शंभर वर्षांत पुरुषाने ती टाकून दिली! १७४० च्या आसपास युरोपातील पुरुषांच्या टाचा जवळजवळ नाहीशा झाल्या. पुरुष हा विचारी आणि कामाचा, बाई ही भावनेची आणि शोभेची, अशी विभागणी त्या काळात पक्की होत गेली आणि टाच शोभेच्या बाजूला पडली. आज आपण जिला पाहून 'बायकी' म्हणतो ती सुईसारखी बारीक टाच तर १९५० नंतरची. आत पोलादाचा आधार घालता येऊ लागला तेव्हाच ती शक्य झाली.

त्यानंतरही पुरुषाने टाच अधूनमधून परत मागितलीच. १९६० नंतर बीटल्स गायकांनी टाचेचे बूट लोकप्रिय केले. १९७० नंतरच्या दशकात बेलबॉटम पँट आणि तिच्याखाली जाड टाचेचे बूट ही आपल्याकडच्या तरुणांचीही चाल होती. घरातले जुने फोटो काढून पाहावेत. आज टाचेला हसणाऱ्या एखाद्या काकांचे पाय त्यांत सापडण्याचा संभव आहे.

खडावा, वहाणा आणि परवानगी

आपल्याकडे पुरुषाने जमिनीपासून वर उचलले जाणे नवे नाही. खडावा पाहा. लाकडी तळाला खाली दोन खुंट, त्यामुळे पाऊल चिखलापासून वर राहते. साधुसंन्यासी त्या वापरीत, घरातले वडीलधारेही वापरीत. मात्र खडावांत पुढचा आणि मागचा भाग सारखाच उंच असतो. टाचेच्या बुटात मागचा भाग वर आणि बोटे खाली असतात, त्यामुळे शरीराचा भार पुढे जातो आणि तोल सांभाळण्यासाठी पाठ ताठ होते. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आपली कोल्हापुरीसुद्धा अगदीच सपाट नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याचे थर एकावर एक ठेवून ती चामड्याच्याच वादीने शिवतात आणि टाचेखाली निराळा थर चढवितात. करकर वाजणारी जाड कोल्हापुरी घालून गडी निघाला म्हणजे तो इंचभर उंच झालेला असतो, शिवाय तो येत असल्याची वर्दीही अगोदर पोहोचते. पण त्याला कोणी 'टाच घातली' असे म्हणत नाही. रुबाब म्हणतात.

आणि हा रुबाबही सर्वांना खुला नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना अनेक गावांत वरच्या जातींच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्या हातांनी वहाण शिवली, त्याच हातांत ती धरून अनवाणी चालायचे! फ्रान्सच्या राजाचा हुकूम आणि आपल्या गावगाड्याचा हा रिवाज एकाच जातीचे आहेत. पायांत काय घालायचे याला परवानगी लागते, असे दोघेही सांगतात. आज राजा नाही आणि असा रिवाज कायद्याने गुन्हा आहे. परंतु परवानगी मागणारे डोळे गेलेले नाहीत.

गुपित कसे राखतात?

टाच लपवायची तर पहिला साथीदार शिंपी. पँटचे माप बूट घालून द्यायचे, म्हणजे पायघोळ जमिनीपासून अर्ध्या इंचावर येते आणि टाच आत झाकली जाते. दुसरा साथीदार चप्पल-बूट शिवणारा कारागीर. तो जुन्या बुटाला एक-दोन थर चढवून देतो आणि खाली रबर ठोकतो, म्हणजे आवाज होत नाही. ज्यांना तेवढेही नको, ते बुटाच्या आत टाचेखाली उंचवटा ठेवतात; असे तयार बूटही बाजारात मिळतात. चालताना पाऊल थोडे आखूड टाकावे लागते आणि जिना उतरताना जपावे लागते.

पण आपल्या देशात या गुपिताला एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे उंबरा. साहेबाच्या देशात माणूस दिवसभर बूट घालून राहू शकतो. आपल्याकडे कोणाच्याही घरी गेले तरी पायताण दाराशी. कुरुंदवाडहून वाडीला दत्तदर्शनाला गेले की सर्वांचे जोडे बाहेर आणि आत प्रत्येक जण आपल्या मूळ उंचीचा. मुलगी पाहायला गेले तरी तेच. पहाटे रस्त्याने धावणारी भरतीची मुले तर हे चांगलेच जाणतात. पोलीस शिपाई व्हायला पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची लागते आणि ती अनवाणी मोजतात. तेथे दोन इंचांची टाच दोन केसांइतकीही उपयोगी नाही.

तात्पर्य, दुसऱ्याला फसविण्यासाठी टाच ही आपल्याकडे फार कुचकामी वस्तू आहे. तरीही जो ती घालतो, तो बहुधा स्वतःसाठी घालतो. माझ्या ओळखीचा एक जण आहे. नाव-गाव सांगत नाही. उंचीने तो चांगला पाच फूट नऊ इंच आहे. सैल पँटखाली अडीच इंचांच्या टाचेचे बूट घालून तो दोन वर्षे वावरतो आहे. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "टाचेवर उभा राहिलो की पाठ सरळ होते आणि मी मलाच बरा वाटतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आईला कळलं तर ती रडेल. पोरांना कळलं तर हसतील. मला हसण्याची भीती जास्त वाटते."

टाच निर्धोक आहे असे मात्र कोणी समजू नये. रोज दीर्घकाळ उंच टाच वापरली तर पोटरीचे स्नायू आखडतात, पायाच्या चवड्यावर भार येतो आणि घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. हे बाईलाही लागू आहे आणि पुरुषालाही. हाडांना लिंगभेद कळत नाही.

हसणारे कशाला हसतात?

पुरुषाने बाईचे कपडे घातले की आपण हसतोच, असेही नाही. बालगंधर्व (१८८८–१९६७) शालू नेसून रंगभूमीवर आले तेव्हा महाराष्ट्र हसला नाही. उलट त्यांची वेशभूषा पाहून घरंदाज स्त्रिया तशी नेसू लागल्या. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगत्या लुगडे नेसून जग डोक्यावर घेऊन दारात आला तर आपल्या भागातल्या बायका सुपातून जोगवा घालतात. म्हणजे रंगमंचाचे किंवा देवीचे छत्र असेल तर चालते. ते छत्र नसेल तर मात्र चालत नाही. कोल्हापूरचे नट गणपत पाटील यांनी तमाशापटांत नाच्याच्या भूमिका अजरामर केल्या. पण पडद्यावरचा नाच्या आणि घरचा संसारी माणूस यांतला फरक लोकांनी त्यांच्या बाबतीत नेहमी केला नाही.

अशा वेळी बाजारात जो शब्द ऐकू येतो तो 'बायल्या'. या शब्दाचा थोडा विचार करावा. मुलीने पँट-शर्ट घातला, मोटारसायकल चालविली, खाकी घातली, तर आपण कौतुकाने 'मुलासारखी आहे' म्हणतो. मुलाने बाईची मानलेली एखादी वस्तू घेतली तर मात्र ती शिवी होते. एकीला वर चढल्यासारखे वाटते आणि दुसऱ्याला खाली पडल्यासारखे, याचा अर्थ मधली पायरी आपणच बांधलेली आहे. बाई खालच्या पायरीवर आहे असे मनात असल्याशिवाय 'बायल्या' ही शिवी होऊच शकत नाही. तेव्हा टाचेच्या बुटाला हसणारा त्या पुरुषाला हसतो असे त्याला वाटते. खरे तर तो आपल्या घरातल्या आईबहिणींना हसत असतो.

कायद्याचे म्हणाल तर पुरुषाने टाच घालू नये असा कायदा आपल्याकडे नाही. उलट १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वेश हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. पण कोर्ट दिल्लीत आहे आणि हसणारे चौकात आहेत.

आपले कुरुंदवाड हे मशिदीत गणपती बसविणारे गाव म्हणून ओळखले जाते. दोन धर्मांच्या म्हणून वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी एका छताखाली ठेवायला या गावाला जड गेले नाही. मग एका माणसाच्या पँटखालचे दोन इंच तरी का जड जावेत? कोणी टाच घालावी असा माझा आग्रह नाही. आपल्या चिखलात आणि उसाच्या बांधावर कोल्हापुरीच बरी. मात्र कॉलेजच्या जिन्यावर पुढच्या मुलाच्या बुटाचा आवाज जरा निराळा आला, तर मागच्याने हाक मारून चार जण गोळा करू नयेत. त्याला जिना चढू द्यावा.