संगणकाचें चित्र आणि कॅमेऱ्याचें भिंग

छायाचित्र म्हणजे खऱ्या वस्तूची खरी प्रतिमा, अशी आपणां सर्वांची समजूत असते. चित्रकार हवें तें रंगवील, कॅमेरा मात्र समोर असेल तेंच टिपील, या भरंवशावर आपण वर्तमानपत्रांतील चित्रें पाहतों आणि घरांतील वडील माणसांचीं छायाचित्रें जपून ठेवतों. परंतु जी वस्तु कधीं अस्तित्वांतच नव्हती तिचेंहि हुबेहुब छायाचित्र वाटावें असें चित्र आज संगणक काढूं शकतो. हें त्यास कसें साधलें, याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. आरंभीं संगणकाचें चित्र अतिशय स्वच्छ व रेखीव असे, आणि म्हणूनच तें खरें वाटत नसे. पुढें त्यास कॅमेऱ्याच्या मर्यादा शिकविण्यांत आल्या, तेव्हां कोठें तें खरें वाटूं लागलें. हा प्रकार कसा घडला तें आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या भूमितीवरील ग्रंथांत लांकडी ठशाचें एक चित्र आहे. त्यांत मेजावर ल्यूट नांवाचें तंतुवाद्य ठेविलेलें असून, भिंतींतील कडींतून ओवलेल्या दोऱ्याचें टोंक एक मनुष्य त्या वाद्याच्या निरनिराळ्या भागांस टेकवीत आहे. मध्यें एक रिकामी चौकट उभी आहे. दोरा चौकटींतून जेथून जातो ती जागा दुसरा मनुष्य मोजून घेतो. अशा खुणा जमत गेल्या म्हणजे वाद्य डोळ्यांस जसें दिसतें तसें त्याचें चित्र तयार होतें. येथें भिंतींतील कडी हा पाहणाऱ्याचा डोळा होय, आणि ताणलेला दोरा हा प्रकाशाचा किरण होय.

संगणकहि हेंच करतो. मात्र त्याचा दोरा गणिताचा असतो. १९६८ सालीं आर्थर ॲपेल यांनीं ही रीति संगणकावर चालवून वस्तूंच्या सावल्या काढून दाखविल्या. १९८० सालीं टर्नर व्हिटेड यांनीं किरण आरशावरून परावृत्त कसा होतो व कांचेंतून वळतो कसा, याचेंहि गणित त्यांत घातलें. त्यांच्या चित्रांतील चकचकीत गोळे पाहून लोक थक्क झाले. तथापि तें छायाचित्र आहे असें मात्र कोणी म्हटलें नसतें.

याचें कारण असें कीं, या सर्व चित्रांत किरण एकाच बिंदूंतून जात होते. अंधाऱ्या खोलीच्या खिडकीस बारीक भोंक ठेविलें असतां समोरच्या भिंतीवर बाहेरील देखाव्याची उलटी प्रतिमा पडते, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. संगणकाचा कॅमेरा हा त्याच जातीचा होता. मात्र त्याचें भोंक गणितांतील बिंदूसारखें, लांबीरुंदी नसलेलें. त्यामुळें हातावरील वस्तु व कोसभर दूरची टेंकडी हीं दोन्ही सारखींच रेखीव उमटत.

खऱ्या कॅमेऱ्याचें इतक्या बारीक भोंकानें भागत नाहीं, कारण आंत येणारा प्रकाश फारच थोडा असतो. म्हणून छिद्र मोठें करून तेथें भिंग बसवितात. वस्तूच्या एकेका बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सर्व पृष्ठभागावर पसरून येतात, आणि भिंग त्यांस वळवून पुनः एका बिंदूंत गोळा करतें. पण हें एका ठराविक अंतरावरील वस्तूंच्याच बाबतींत नेमकें जमतें. त्याहून जवळच्या किंवा दूरच्या बिंदूचे किरण फिल्मच्या मागें किंवा पुढें एकत्र होतात, व फिल्मवर बिंदूऐवजीं लहानशी चकती उमटते. अशा असंख्य चकत्या एकमेकींवर पडल्या म्हणजे तो भाग पुसट दिसतो.

५० मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग घेऊं. छायाचित्रकार ज्यास एफ २ म्हणतात त्या मापास छिद्राचा व्यास ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटर असतो. एफ १६ या मापास तो ३ मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरतो. व्यास आठपट लहान झाला म्हणजे छिद्राचें क्षेत्रफळ, व म्हणून प्रकाशहि, ६४ पट कमी होतो. परंतु चकत्या आठपट लहान झाल्यामुळें जवळचें व दूरचें बहुतेक सारें स्पष्ट दिसतें. सारांश, प्रकाश हवा असेल तर स्पष्टता कांहीं अंशीं सोडावी लागते. छायाचित्रकाराच्या या अडचणीचा शिक्का प्रत्येक छायाचित्रावर असतो, आणि आपल्या डोळ्यांस तो इतका परिचित झाला आहे कीं, तो नसला म्हणजे चित्र परकें वाटतें.

१९८१ सालीं मायकेल पॉटमेसिल व इंद्रनील चक्रवर्ती यांनीं भिंग व छिद्र यांचें हें गणित संगणकास दिलें. प्रथम नेहमींसारखें रेखीव चित्र काढावयाचें, आणि मग प्रत्येक बिंदूचें अंतर पाहून त्याची योग्य तेवढी चकती करावयाची, अशी त्यांची युक्ति होती. तींत एक उणीव होती. मोठ्या भिंगाची एक कड जवळच्या वस्तूच्या आडून पलीकडचेंहि थोडें पाहूं शकते. पण एका बिंदूंतून काढलेल्या चित्रांत तो झांकलेला भाग मुळीं आलेलाच नसतो, मग तो पसरावयाचा कोठून?

ही उणीव १९८४ सालीं रॉबर्ट कुक, टॉमस पोर्टर व लॉरेन कार्पेंटर यांनीं दूर केली. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठीं एकच किरण न सोडतां, भिंगाच्या निरनिराळ्या भागांतून अनेक किरण सोडून त्यांची सरासरी घ्यावी, असें त्यांनीं ठरविलें. तीच युक्ति त्यांनीं काळासहि लाविली. कॅमेऱ्याची झडप क्षणमात्र कां होईना, उघडी असते. तेवढ्यांत धांवती वस्तु सरकते व तिची रेघ उमटते. म्हणून कांहीं किरण त्या क्षणाच्या आरंभीं, कांहीं मध्यें व कांहीं शेवटीं सोडावयाचे. यावरून काढलेलें ‘१९८४’ हें बिलियर्डच्या चेंडूंचें चित्र प्रसिद्ध आहे. त्यांतील १, ९, ८ व ४ हे आंकडे असलेल्या चेंडूंपैकीं कांहीं धांवत आहेत, आणि त्यांबरोबर त्यांच्या सावल्या व प्रतिबिंबेंहि पुसट झालीं आहेत.

यास लागणारे श्रमहि पाहण्यासारखे आहेत. १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच अशा चित्रांत वीस लाखांहून अधिक ठिपके होतात. प्रत्येकास १०० किरण धरले तर एका चित्रास वीस कोटींहून अधिक किरण लागले. आणि चित्रपटास तर दर सेकंदास अशीं २४ चित्रें हवींत. किरण कमी पडले तर चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात.

१९९५ सालीं क्रेग कोल्ब, डॉन मिचेल व पॅट हॅनराहन यांनीं याहून पुढची पायरी गांठली. खऱ्या भिंगांत कांचेचे अनेक तुकडे असतात. त्या प्रत्येकाची गोलाई, जाडी व प्रकाश वळविण्याची शक्ति संगणकास सांगून, किरण एकेका पृष्ठभागांतून वक्रीभवनाच्या नियमानें नेण्यांत आला. शाळेंत प्रकाशाच्या धड्यांत शिकवितात तोच हा नियम. त्यामुळें चित्राच्या कोंपऱ्यांत येणारी अंधारी आणि कडेच्या सरळ रेषांस येणारा बांक, हे भिंगाचे दोषहि आपोआप चित्रांत उतरले. पुढें २००८ सालच्या ‘वॉल-ई’ या चित्रपटाच्या वेळीं पिक्सार कंपनीच्या लोकांनीं प्रसिद्ध छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स यांचा सल्ला घेतला, तो याच हेतूनें कीं, संगणकांतील कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्याप्रमाणें वागावा.

येथें विचारी वाचकाच्या मनांत एक प्रश्न उभा राहील. पुसट पार्श्वभूमि, धांवत्या वस्तूची रेघ, कोंपऱ्यांतील अंधारी, हीं आजवर एक प्रकारची साक्ष देत असत. येथें कोणी एक मनुष्य एका क्षणीं कॅमेरा घेऊन उभा होता, असें तीं सांगत. ती साक्ष आतां राहिली नाहीं. अलीकडे तर असंख्य छायाचित्रांवरून शिकून चित्रें काढणारे संगणक निघाले आहेत. त्यांस भिंगाचें गणितहि करावें लागत नाहीं, त्या खुणा ते नुसत्या अनुकरणानें उचलतात. म्हणून एखादें चित्र कोणाच्या अब्रूविषयीं कांहीं सांगूं लागलें, तर तें किती हुबेहुब आहे हें पाहून भागणार नाहीं. तें कोणीं काढलें, कोठें व केव्हां काढलें, आणि त्याबद्दल जबाबदार कोण, हें विचारावें लागेल. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही कला अवश्य शिकावी. ती भूमिति व प्रकाशशास्त्र यांचेंच सुंदर फळ आहे. परंतु चित्र खरें दिसणें आणि खरें असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढें त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं सदैव ध्यानांत ठेवावें.