व्यवहारांतील सुबोध लेखन

मनुष्याचे बहुतेक व्यवहार शब्दांवर चालतात. व्यापाऱ्याची मागणी, कचेरींतील अर्ज, वडिलांचें मुलास पत्र, हीं सर्व एकाच्या मनांतील गोष्ट दुसऱ्याच्या मनांत पोंचविण्याचीं साधनें होत. तीं जितकीं साधीं व स्पष्ट, तितका व्यवहार निर्वेध चालतो.

एक उदाहरण घेऊं. आपल्या टिटवाळ्यास अंगारकी चतुर्थीच्या दिवशीं महागणपतीच्या दर्शनास मोठी गर्दी लोटते. समजा, देवळाजवळील एका दुकानदारानें घाऊक व्यापाऱ्यास लिहिलें, "मागल्याप्रमाणें नारळ परवां पाठवावे." यांत 'मागल्याप्रमाणें' म्हणजे किती, हें एकास ठाऊक असेल, दुसऱ्यास नसेल. 'परवां' हा शब्द तर आपल्या भाषेंत होऊन गेलेल्या दिवसासही लागतो व येणाऱ्या दिवसासही. शिवाय निरोप एक दिवस उशिरां वाचला कीं हा परवांही एक दिवस पुढें सरकतो. अंगारकी नेहमीं मंगळवारींच येते. नारळ बुधवारीं आले तर गर्दी ओसरलेली, भांडवल अडकलेलें, आणि दोघे भले गृहस्थ एकमेकांस दोष देत बसलेले! त्याऐवजीं "नारळ ५००, सोमवारीं सकाळीं १० च्या आंत दुकानावर पोंचते करावे," असें लिहून पुढें तारीख व शेकड्याचा दर घातला असता तर भांडणास जागाच उरली नसती. कोणीं, काय, किती, केव्हां व कोठें, या पांच प्रश्नांचीं उत्तरें ज्या पत्रांत आहेत, तें पत्र पूर्ण समजावें.

सुबोधतेचा एक उत्तम नमुना आपल्या पत्त्यांतच असतो. देशांत एकाच नांवाचीं गांवें अनेक. शहापूर आपल्या ठाणें जिल्ह्यांत आहे, तसेंच तें बेळगांवासही आहे. वाशी नवी मुंबईंत आहे, तशी धाराशिव जिल्ह्यांतही आहे. त्यांत भाषा व लिप्या निरनिराळ्या. अशा स्थितींत पत्र नेमक्या ठिकाणीं कसें जावें? टपालखात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं यावर सहा अंकांची योजना आंखली, व १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिनकोड सुरू झाला. टिटवाळ्याचा पिनकोड ४२१६०५. यांतील पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दाखवितो. पहिले दोन अंक मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक पत्र वांटणारें टपालघर दर्शवितात. मराठी अक्षर न ओळखणारा तामिळनाडूंतील कारकूनही त्यामुळें आपलें पत्र बिनचूक इकडे धाडूं शकतो. हे वेलणकर संस्कृतांत काव्यें रचणारे कवि होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्यापाशीं शब्दांचें भांडार होतें, त्यांनीं कामासाठीं केवळ सहा अंक निवडले!

दुसरा नमुना मुंबईच्या डबेवाल्यांचा. इ. स. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं हा उद्योग आरंभिला. डबा वाटेंत अनेक हातांतून जातो, व त्यांतील पुष्कळांचें शिक्षण बेताचेंच. म्हणून पूर्वीं रंगीत दोऱ्यांच्या, व पुढें रंगानें काढलेल्या अक्षर-अंकांच्या खुणा त्यांनीं योजिल्या. डबा कोणत्या स्टेशनावर उतरवावा व कोणत्या इमारतींत न्यावा, एवढेंच खूण सांगते; आंत भाजी कोणती आहे, हें ती सांगत बसत नाहीं. जें पुढच्या हातास हवें तेंच लिहावें, हा धडा त्यांतून घ्यावा.

मात्र साधें म्हणजे रुक्ष नव्हे. पत्राचा मायना वडीलधाऱ्यांस व बरोबरीच्यांस योग्य तो मान देतो. तो एका ओळींत देऊन पुढें मुद्द्यावर यावें.

हल्लीं पत्रांची जागा मोबाईलवरील निरोपांनीं घेतली आहे, व एकच निरोप वसाहतींतील शेंकडों जण वाचतात. तेथें तर अधिक दक्षता हवी. "उद्यां पाणी येणार नाहीं," हा निरोप दुसऱ्या दिवशीं पुढें धाडला कीं तोच खोटा ठरतो, आणि कित्येक घरीं हंडे उगीच भरले जातात किंवा रिकामे राहतात. तारीख घालण्यास कितीसा वेळ लागतो?

विद्यार्थी मित्रांनो, निबंधांत अलंकार अवश्य योजा. परंतु व्यवहाराचा मजकूर लिहून झाल्यावर तो एकदां परक्याच्या दृष्टीनें वाचा. घरांतील वडील मंडळींनींही मुलांकडून असा एखादा अर्ज वा मागणीपत्र लिहवून घ्यावें. ज्याचें लिहिणें दुसऱ्यास विचारावें न लागतां कळतें, त्याचा शब्द लोक विश्वासानें घेतात.