आंतरराष्ट्रीय अभिरूप न्यायालय स्पर्धा आणि शिरगावचा विद्यार्थी

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याचा निकाल दिला. दादरा व नगरहवेलीकडे भारतीय भूमीतून जाण्याचा हक्क हा वादविषय होता. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखालीच होता. या खटल्यात भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांची एक छोटी स्पर्धा झाली. तीच आज जगभर जेसप स्पर्धा म्हणून ओळखली जाते.

अभिरूप न्यायालय म्हणजे खोटा खटला, पण खरा युक्तिवाद. जेसपमध्ये दोन कल्पित राष्ट्रांचा वाद हेगच्या न्यायालयापुढे आला आहे असे मानले जाते. प्रत्येक संघाला वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंची लेखी निवेदने तयार करावी लागतात आणि तोंडी फेऱ्यांत दोन्ही बाजूंनी उभे राहावे लागते. मदरशांतील मुनाजऱ्याची शिस्त ज्यांना परिचित आहे, त्यांना प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट समजून घेण्याचा हा दंडक नवा वाटणार नाही. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने १९९९ आणि २०१३ मध्ये ही स्पर्धा जिंकली, म्हणजे आपल्याकडे गुणवत्ता नाही असे म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो ही गुणवत्ता कोणत्या गावांतून तिथवर पोहोचते हा.

डिचोली तालुक्यातील शिरगावची एखादी मुलगी पुढे पणजीजवळ मिरामारच्या कायदा महाविद्यालयात गेली आणि संघात निवडली गेली असे समजू. लेखी निवेदन ती गावात बसून लिहू शकते. या टप्प्याला तिकीट लागत नाही. अडचण तोंडी फेरीपाशी येते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या वॉशिंग्टनला होतात. २०२३ साली अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसाचा अर्ज १६० डॉलरवरून १८५ डॉलरवर गेला. मुलाखतीसाठी गोव्यातून मुंबईला जावे लागते आणि व्हिसा नाकारला तर ते पैसे परत मिळत नाहीत. विमानभाडे व राहणे वेगळेच.

२०२० मध्ये महामारीमुळे आंतरराष्ट्रीय फेऱ्या रद्द झाल्या. २०२१ व २०२२ मध्ये त्या ऑनलाइन झाल्या. व्हिसा आणि तिकीट दोन्ही एका झटक्यात गळाले. मात्र नवे अडथळे आले. वॉशिंग्टनला एप्रिलच्या आरंभी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा गोव्यात संध्याकाळचे साडेसहा होतात आणि न्यूझीलंडमध्ये मध्यरात्रीनंतरचे दोन. वेळापत्रक एकाच शहराच्या घड्याळावर बेतले तर कोणीतरी पेंगत युक्तिवाद करणार. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत सत्तरीतील विद्यार्थी नेटवर्कसाठी डोंगर चढत होते, हे आपण विसरलेलो नाही. २०२३ पासून स्पर्धा पुन्हा प्रत्यक्ष भरू लागली.

प्रवासाची अडचण पैशाने सुटू शकते. भाषेची तशी सुटत नाही, आणि माझ्या मते खरा अडसर तोच आहे. मराठीत किंवा कोकणीत मुद्दा बिनतोड मांडणारा विद्यार्थी इंग्रजीत दोन वाक्यांनंतर गप्प होतो, हे वर्गात वारंवार दिसते. न्यायाधीशांनी मध्येच प्रश्न विचारला की पाठ केलेले भाषणही हातचे जाते.

यावर जगात उपाय झालेले आहेत. वॉशिंग्टनमधील अमेरिकन विद्यापीठाची आंतर-अमेरिकी मानवी हक्क स्पर्धा १९९६ पासून इंग्रजी, स्पॅनिश व पोर्तुगीज अशा तीन भाषांत चालते. तेथे दुभाषे साथीला असतात. आफ्रिकी मानवी हक्क स्पर्धा त्याहून जुनी, १९९२ ची. तिच्यात इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज बोलणारे संघ आधी आपापल्या भाषेत लढतात. अंतिम फेरीसाठी निवडलेल्या संघांची सरमिसळ करून दोन नवे संघ बनवले जातात. परभाषी सहकाऱ्याबरोबर एकच बाजू मांडायची, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. खुद्द हेगच्या न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी व फ्रेंच आहेत, तरी त्याच्या संविधीतील कलम ३९ नुसार पक्षकाराने विनंती केल्यास अन्य भाषाही वापरता येते. खऱ्या न्यायालयात जी सवलत आहे ती अभिरूप न्यायालयात का असू नये?

जेसपमध्ये कायद्याच्या शिक्षणसंस्थांचे संघ उतरतात. कम्युनिटी कॉलेजचा संघ थेट जाऊ शकत नाही. परंतु कायद्याकडे वळणारा विद्यार्थी आधी आपल्या वर्गात बसतो. तेथे परदेशी प्रश्नपत्रिकेची गरज नाही. लईराईच्या जत्रेमुळे गोवाभर ठाऊक असलेल्या या शिरगावातच विषय आहे. लोहखनिजाच्या खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या, खड्ड्यांतील पाणी उपसले जाऊ लागले आणि विहिरी व शेती कोरडी पडल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. २१ एप्रिल २०१४ आणि ७ फेब्रुवारी २०१८ हे गोव्यातील खाणींविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शिक्षकाने आधी वाचून काढावेत. दुसऱ्याने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यातून दोन पानांची कल्पित हकिगत तयार होते. खाण ज्या देशात आहे त्याच्या सीमेपलीकडच्या गावातील विहिरी आटल्या, एवढे गृहीत धरले की प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याचा झाला.

पहिल्या आठवड्यात युक्तिवाद मराठीत किंवा कोकणीत होऊ द्यावा. ट्रकमालकाच्या मुलाला विहिरीची बाजू द्यावी आणि शेतकऱ्याच्या मुलीला खाणीची. दुसऱ्या आठवड्यात बाजू बदलाव्यात. तिसऱ्या आठवड्यात तेच मुद्दे इंग्रजीत, प्रत्येकी दहा मिनिटे, आणि प्रश्न विचारायला आपल्याच कॉलेजातील दुसऱ्या विषयाचे दोन शिक्षक बसवावेत.