चहा आंबट नाही, मग जळजळ का?

आंबेगाव तालुक्यातले कळंब घ्या किंवा दुसरे कोणतेही गाव, दिवस उजाडतो तो चहाने. कोणी धार काढून आल्यावर, कोणी शाळा गाठण्याआधी उपाशीपोटी कपभर चहा घेतो. काहींच्या छातीत मग जळजळ सुरू होते. 'चहाने पित्त वाढले' असे आपण म्हणतो. त्यात तथ्य किती, ते पाहू या.

चहातले आम्ल याला कारण असेल का? दुधाच्या चहाचा सामू ६ च्या आसपास असतो, तर जठररसाचा सुमारे २. सामूच्या एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. म्हणजे जठररस चहाच्या दहा हजार पट आम्ल! तेव्हा दोष चहाच्या आम्लाचा नाही.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते सैल होते, एरवी आवळलेले राहते. जठराला श्लेष्माचे जाड संरक्षक अस्तर असते. अन्ननलिकेला तसे नसते. कडे अवेळी सैल पडले की आम्ल वर चढते व आग होते. चहातील कॅफिन हे कडे काहीसे सैल करू शकते आणि जठररसाचा स्रावही वाढवते. दूध घातल्याने आम्ल थोडा वेळ सौम्य होते, पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम पुन्हा स्राव वाढवतात.

अमेरिकेतील ४८ हजारांहून अधिक परिचारिकांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. दिवसाला सहापेक्षा अधिक कप चहा घेणाऱ्यांत हा त्रास अधिक आढळला. दोन कपांऐवजी पाणी घेतल्यास तो कमी होईल, असा अंदाज निघाला. मात्र सर्वांनाच चहा बाधतो असे नाही.

म्हणून स्वतःवरच प्रयोग करावा. पहिला आठवडा नेहमीप्रमाणे चहा घेऊन त्रासाची रोज नोंद ठेवावी. दुसऱ्या आठवड्यात एकच बदल करावा: उपाशीपोटीचा चहा न्याहारीनंतर घ्यावा. तिसऱ्यात कप कमी करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कारण कळते, हा धडा विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल. रात्री जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, कारण आडवे झाल्यावर आम्लाला खाली ठेवणारे गुरुत्वाकर्षण मदतीला येत नाही.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी वा काळी शौच होणे, ही लक्षणे दिसल्यास प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखून घाम फुटला, तर ते पित्त समजून सोडा घेत बसू नये; ताबडतोब रुग्णालय गाठावे. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.