लाटा रोजच्या, रोकड कधीमधी

२३ सप्टेंबर २००८ रोजी पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्याजवळ, अगुसादोरा गावासमोर सुमारे पाच किलोमीटर आत समुद्रात, तीन लांबलचक लाल नळ्यांचं रीतसर उद्घाटन झालं. प्रत्येकीची लांबी १२० मीटर, जाडी साडेतीन मीटर. लाटा आल्या की त्या सापासारख्या वळवळत, आणि त्या वळवळीतून प्रत्येक नळी ७५० किलोवॉटपर्यंत वीज काढू शकत होती. समुद्रलाटांवर चालणारं, एकाहून अधिक यंत्रांचं आणि विजेच्या जाळ्याला जोडलेलं असं केंद्र जगात पहिलंच. यंत्राचं नाव पेलामिस. अरबी समुद्रातही आढळणाऱ्या पिवळ्या पोटाच्या समुद्रसर्पाच्या शास्त्रीय नावावरून ते घेतलं होतं. बनवणारी कंपनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातली.

दोनच महिन्यांत, नोव्हेंबरात, तिन्ही यंत्रं ओढून लेइशोइश बंदरात आणावी लागली. बेअरिंगांनी दगा दिला होता. यात नामुष्की कसली? खवळत्या अटलांटिकमध्ये नव्याने उतरलेल्या यंत्राचं काहीतरी बिघडणारच. त्यावर उपायही सापडला. तरी ती यंत्रं पुन्हा समुद्रात गेली नाहीत. प्रकल्पातला मोठा हिस्सा बॅबकॉक अँड ब्राउन या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेकडे होता आणि त्याच वर्षीच्या जागतिक आर्थिक संकटात ती संस्थाच गटांगळ्या खात होती. दुरुस्ती ठाऊक होती, पण तिचं बिल भरायला कोणी उरलं नव्हतं.

समुद्री तंत्रज्ञानाच्या कंपन्या कशा जगतात आणि कशा संपतात, हे समजून घ्यायला मला पेलामिसइतकं बोलकं उदाहरण दुसरं दिसत नाही. त्यासाठी आधी यंत्राच्या पोटात शिरायला हवं.

लाट साधारण दहा सेकंदांनी येते. नळीचा एक भाग उचलला जातो, पुढचा खाली जातो, मधला सांधा वाकतो. सांध्यात हायड्रॉलिक दट्टे बसवलेले असतात. सांधा वाकला की दट्टे तेल प्रचंड दाबाने ढकलतात. हे तेल सरळ मोटरवर सोडलं तर वीज धक्क्याधक्क्याने येईल, क्षणात भरपूर आणि क्षणात शून्य. म्हणून तेल आधी दाबटाक्यांत जातं. तिथे ते बंदिस्त वायूला दाबून धरतं आणि मग तो वायू तेलाला संथ, एकसारख्या धारेने मोटरकडे लोटतो. मोटर जनित्र फिरवते आणि वीज समुद्रतळावरच्या केबलमधून किनाऱ्याला पोचते. लाटेचा सगळा धसमुसळेपणा त्या टाक्यांत मुरतो! एका नळीच्या पोटात केलेली ही सोय मला अजूनही थक्क करते.

कंपनीचा जीवही अशाच टाकीवर असतो. पगार महिन्याला जातात. कारखान्याचं भाडं थांबत नाही. यंत्र ओढून न्यायला जहाज भाड्याने घेतलं आणि हवा बिघडली, तर जहाज धक्क्याला बसून राहतं आणि त्याचंही भाडं चढत राहतं. येणारा पैसा मात्र लाटेसारखा येतो: एखादं सरकारी अनुदान, एखादा नवा गुंतवणूकदार, कुणा वीजकंपनीची एका यंत्राची ऑर्डर. दोन लाटांमध्ये वर्ष जातं, दोन वर्षंही जातात. मधला काळ गंगाजळीवर काढायचा. ती किती महिने पुरेल, हीच कंपनीची रोख तरलता. ताळेबंदात पेटंटं असतील, शेडमध्ये शेकडो टन पोलाद उभं असेल, पण त्यातून येत्या एक तारखेचा पगार निघत नाही.

शिवाय समुद्राचा हिशेबच वाकडा आहे. लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. तीन मीटर उंचीच्या, आठ सेकंदांनी येणाऱ्या लाटा दर मीटर रुंदीमागे सुमारे ३६ किलोवॉट शक्ती वाहून आणतात. वादळात लाटा पंधरा मीटर उंच झाल्या आणि पंधरा सेकंदांनी येऊ लागल्या, की तोच आकडा सुमारे १,७०० किलोवॉटवर जातो. वीज विकायची ती बहुतांशी साध्या दिवसांची, पण पोलाद, साखळ्या आणि नांगर वादळाच्या मापाचे घ्यायचे. खर्च सर्वात वाईट रात्रीवर ठरतो आणि कमाई सामान्य दिवसांवर. पवनचक्कीलाही वादळं सोसावी लागतात, पण ती जमिनीवर शिकली, मग समुद्रात उतरली. लाटेच्या यंत्राला शाळाच समुद्रात आहे.

गंगाजळी किती पुरेल हा प्रश्न कंपनीबाहेरचा एकजणही विचारतो, आता त्या लेखापरीक्षकाकडे वळू. दरवर्षी हिशेब तपासताना त्याला एक प्रश्न विचारावाच लागतो: ही कंपनी पुढचे किमान बारा महिने चालू राहील का? दाट शंका असेल तर ती अहवालात नोंदवावी लागते. या नोंदीचे पडसाद दूरवर जातात. कंपनी चालणार असं धरलं, तर तिच्या यंत्राची किंमत त्यावर झालेला खर्च आणि त्यातून होणारी कमाई यांवरून लागते. चालणार नाही असं धरलं, तर तेच यंत्र आज विकून काय येईल, एवढंच मोजायचं. जगात दुसरं नसलेलं यंत्र अशा वेळी कोण घेणार? बहुधा भंगारवालाच.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ओशन पॉवर टेक्नॉलॉजीज या कंपनीवर ही टांगती तलवार वर्षानुवर्षं राहिली आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली ही कंपनी लाटांवर वरखाली होणाऱ्या बोयांतून वीज काढते. २००७ मध्ये ती नॅसडॅक शेअर बाजारात आली. पुढे तग धरण्याबद्दलची शंका तिच्या एकाहून अधिक वार्षिक अहवालांत उमटली. अशी कंपनी रोकड उभी करते ती नवे शेअर विकून. पण शंकेची नोंद वाचून शेअरचा भाव घसरतो, मग तेवढ्याच पैशासाठी आणखी शेअर विकावे लागतात आणि भाव आणखी उतरतो. तो बराच काळ एका डॉलरच्या खाली राहिला तर बाजारातून नाव कमी होण्याची भीती. त्यामुळे कंपनीने २०१५ मध्ये दहा शेअरांचा एक केला आणि २०१९ मध्ये वीसांचा एक. आधीपासून २०० शेअर धरून बसलेल्याच्या हातात एक उरला. कंपनी मात्र जगली, आणि मला ते कमी महत्त्वाचं वाटत नाही.

पेलामिसने पोर्तुगालनंतरही हिंमत सोडली नाही. १८० मीटर लांबीचं, सुमारे १,३५० टनांचं सुधारित यंत्र घडवलं. २०१० मध्ये ई.ऑन या जर्मन वीजकंपनीसाठी ते स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ समुद्रात उतरलं. पाठोपाठ दुसरं यंत्र स्कॉटिशपॉवरने घेतलं. यंत्रं चालली, वीज आली, चुका कळल्या. पुढच्या टप्प्याचा पैसा मात्र आला नाही. ई.ऑन बाहेर पडली. २१ नोव्हेंबर २०१४ रोजी कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. वर्षभरातच, ऑक्टोबर २०१५ मध्ये, एडिंबरातच असलेल्या, लाटांवरच काम करणाऱ्या ॲक्वामरीन पॉवर या कंपनीचीही तीच गत झाली.

इथे स्कॉटलंडच्या सरकारने एक शहाणपणाचं काम केलं. वेव्ह एनर्जी स्कॉटलंड ही संस्था काढून पेलामिसचं ज्ञान विकत घेतलं: आराखडे, चाचण्यांच्या नोंदी, पेटंटं. एरवी दिवाळखोरीत सर्वात आधी विखुरतं ते हेच, कारण त्याला भंगाराचाही भाव नसतो. याच संस्थेने पैसे देण्याची रीतही बदलली. आधीची बरीचशी अनुदानं ‘अर्धे तुम्ही आणा, अर्धे आम्ही देऊ’ अशा अटीवर मिळत, आणि तो अर्धा वाटा आणता आणता कंपन्यांची दमछाक होई. आता काम टप्प्याटप्प्यांत वाटलं, मंजूर टप्प्याचा संपूर्ण खर्च देता येईल अशी तरतूद केली आणि टप्पा जमला तरच पुढचा असं ठरवलं. कंपनीच्या टाकीत निदान त्या टप्प्यापुरतं तेल राहील, याची ही व्यवस्था.

या मदतीतून उभ्या राहिलेल्यांत मोशन एनर्जी ही कंपनी आहे. तिचं ब्लू एक्स हे यंत्रही मधल्या सांध्यात वाकतं, पण त्याची लांबी फक्त वीस मीटर आणि वजन ३८ टन. २०२१ मध्ये ते ऑर्कनीच्या पाण्यात तपासलं गेलं आणि नंतर समुद्रतळावरच्या बॅटरीला व तिथल्या उपकरणांना वीज पुरवण्यासाठी वापरलं गेलं. शहरं उजळण्याचं स्वप्न जरा बाजूला ठेवून, खोल पाण्यात जिथे केबल टाकणंच अतिशय महाग पडतं, तिथला ग्राहक त्यांनी शोधला. त्याला वीज थोडी लागते, पण ती मिळवायला त्याच्यापाशी दुसरा स्वस्त मार्ग नसतो. ओशन पॉवरनेही २०१८ मध्ये इटलीच्या एनी या तेलकंपनीसाठी एड्रिॲटिक समुद्रात बोया लावला, तो याच वाटेवरचा.