एका भाकरीचे सोबती

माझी भाची पुण्यात नोकरी सांभाळून स्पॅनिश शिकते. ईदला इंदापूरला आली तेव्हा वहीसुद्धा बरोबर आणली होती. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "खाला, यांचं बरं आहे. वर्गातला, कामावरचा, खोलीतला, सगळ्यांना एकच शब्द. कोम्पान्येरो. मुलगी असेल तर कोम्पान्येरा. पुढे वर्गाचा की कामाचा एवढंच जोडायचं. काही जण नवऱ्याला, बायकोलाही तेच म्हणतात. धंद्यातला भागीदार तेवढा वेगळा, सोसिओ."

मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे असे काही कानावर पडले की माझे डोके चालू होते. आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही, अडचण उलटी आहे. 'वर्गमित्र' निबंधात असतो, मुले मात्र 'माझ्या वर्गातला' म्हणतात. उर्दूत 'हमजमात' आहे. कामावरच्याला 'सहकारी' म्हणावे, तर आमच्या दोन तालुक्यांत त्या शब्दाला उसाचा वास आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, सगळे सहकारी. 'सहकारी'चे वाक्य करा म्हटले की निम्मा वर्ग साखर कारखाना लिहितो. 'साथीदार' चांगला शब्द होता, पण वर्तमानपत्रांनी तो चोरट्यांना देऊन टाकला.

'भागीदार' मला फार आवडतो. त्यातला 'भाग' संस्कृत आणि 'दार' फारसी. जोडीदार, साथीदार यांचेही तसेच. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला. पुढे 1925 मध्ये माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश काढला. पण 'भागीदार'मधले फारसी काढायचे ठरवले तर शब्द मधोमध कापावा लागेल.

आणि 'साहेब'! अरबीत 'साहिब' म्हणजे सोबती, बरोबर राहणारा. सहाबा हा शब्द त्याच धातूचा. त्याच शब्दाला मालक असाही अर्थ आहे, आणि आपल्याकडे येईपर्यंत सोबती मागे पडला, खुर्चीवरचा तेवढा उरला. आमच्या बारामतीत तर 'साहेब' म्हटल्यावर पुढे नाव सांगावे लागत नाही. आपल्या घरांतली नावे पाहा. रफीक, अनीस, नदीम, खलील, सगळ्यांच्या अर्थात कोणी ना कोणी सोबती बसला आहे. रफीकच्या धातूत नरमाई आहे, म्हणून पती-पत्नीला 'रफीक-ए-हयात' म्हणतात ते मला गोड वाटते.

भाचीने मग कोम्पान्येरोची फोड सांगितली. मूळ लॅटिन, 'बरोबर' आणि 'भाकरी'. एकत्र भाकरी खाणारा तो सोबती. एमआयडीसीत आपली पोरे 'कंपनीत' जातात, ती कंपनीही याच मुळाची. भाकरीसाठीचा तो लॅटिन शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला तो 'पाव' होऊन. म्हणजे वडापाव खाताना आपण अर्धे स्पॅनिश बोलतोच! उर्दूत यासाठी 'हमनिवाला' आहे, एका घासाचे वाटेकरी.

घासावरून मला गेल्या हंगामातली एक मुलगी आठवली. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि काही मुले आमच्या वर्गात येऊन बसतात. त्या वर्षी मी पाचवीला 'माझा वर्गमित्र किंवा वर्गमैत्रीण' यावर दहा ओळी लिहायला दिल्या. तिच्यावर कोणीच लिहिले नाही. मुले तिला नावाने हाकही मारत नव्हती, 'कोपीवरची' म्हणत. दोन महिने ती वर्गात होती आणि हे मला वह्या तपासताना कळले. हमजमातचा अर्थ मी फळ्यावर लिहिला होता, जेवणाच्या सुट्टीत मात्र स्टाफरूममध्ये बसत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन वर्गात बसू लागले. ती भाकरी झाकून खायची, वर नुसता ठेचा असायचा. चार-पाच दिवसांनी बाजूच्या मुलीने ठेचा मागितला, तिखटाने डोळ्यांत पाणी आले, सगळे हसले, तीही हसली. मग तिच्या पुढ्यात कोणाची चपाती, कोणाची अंडाबुर्जी येऊ लागली. मार्चमध्ये गाळप संपले आणि टोळी गेली, परीक्षेआधीच. तोपर्यंत मुले तिला नावाने हाक मारत होती.

आई-वडील काय करतात असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "आमचा एक कोयता हाय." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. अरबीत 'जौज' शब्द नवऱ्याला आणि बायकोला दोघांनाही चालतो, जोडीतला एक म्हणून. पण कोयत्यात दोघांना मिळून एक मोजतात.

हे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, स्पॅनिशमध्येही असा शब्द आहे, पारेखा. अर्थ जोडी, पण एकट्या जोडीदारालाही तेच म्हणतात, आणि तो पुरुष असला तरी शब्द स्त्रीलिंगीच राहतो. तिने वहीत पारेखाच्या पुढे 'कोयता' लिहिले. मग पेन थांबवून विचारले, "खाला, मुकादम उचल देतो ती कोणाच्या हातात?"

"त्याच्या," मी म्हटले.

तिने लिहिलेला शब्द खोडला आणि पुढची ओळ सुरू केली.